रस्त्याकडेला कोणतं झाड लावायचं? डहाणू-तलासरीतून एक हिशोब

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. रस्त्याच्या कडेला कोणतं झाड लावावं? नर्सरीत जाऊन हा प्रश्न विचारला, तर उत्तर एका वाक्यात मिळतं. ‘साहेब, हे लावा, हे काही केलं तरी मरत नाही.’ आज मला या ‘मरत नाही’बद्दल बोलायचं आहे. जगभरात रस्त्याकडेची झाडं बहुतेक वेळा या एकाच गुणावर निवडली गेली आणि त्यातूनच मोठमोठे घोटाळे झाले.

आपल्याकडे हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा, ते आधी सांगतो. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो. बडोदा-मुंबई द्रुतगती मार्ग इथूनच जातोय. बुलेट ट्रेनचे खांब उभे राहतायत. २०२४ च्या जूनमध्ये वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. बंदर आलं की त्याला जोडणारे रस्ते येणार, गोदामं येणार, गावातले आतले रस्तेही रुंद होणार. बंदर हवं की नको, हा वाद मोठा आहे आणि आजच्या भागाचा तो विषय नाही. पण रस्ते रुंद होणार म्हणजे कडेची जुनी झाडं जाणार आणि त्या बदल्यात नवी लावली जाणार, एवढं नक्की. ती कोणती लावायची हे कुठल्या तरी निविदेतल्या एका ओळीत ठरतं आणि पुढची पन्नास वर्षं आपण त्या ओळीखाली उभे राहतो. किंवा उन्हात उभे राहतो.

आता थोडं लांब जाऊ, अमेरिकेत. तिथल्या गावांमधल्या रस्त्यांवर एके काळी एल्म नावाची झाडं होती. दोन्ही बाजूंनी उंच वाढून वर एकमेकांना भिडायची, रस्त्यावर कमान व्हायची. झाड सुंदर, दणकट, शहरातली धूळधाण सोसणारं. म्हणून सगळीकडे तेच लावलं. १९३० च्या सुमारास तिथे एक बुरशीचा रोग पोचला. सालीत राहणारे भुंगेरे ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. रोगाचं नाव ‘डच एल्म’, कारण त्यावरचं सुरुवातीचं संशोधन हॉलंडमध्ये झालं. पुढच्या काही दशकांत कोट्यवधी एल्म गेली. आख्खे रस्ते बोडके झाले.

मग त्या जागी काय लावायचं? तिथल्या नर्सरीवाल्यांनी उत्तर दिलं, ॲश लावा. या ॲशचा राखेशी काही संबंध नाही, हे झाडाचं नाव आहे. कडक थंडी सोसतं, दुष्काळ सोसतं, तुडवून घट्ट झालेली माती चालते, बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तेही चालतं. भराभर वाढतं. म्हणजे ‘काही केलं तरी मरत नाही’ याचं ते आदर्श उदाहरण. त्यातही निवडक जाती काढल्या. ‘मार्शल सीडलेस’ नावाची एक जात फार चालली. हे नर झाड, त्यामुळे बिया नाहीत आणि खाली कचराही नाही. पण अशी जात बियांपासून होत नाही, कलम बांधूनच करावी लागते. म्हणजे रस्त्यावरची शंभर झाडं ही खरं तर एकाच झाडाच्या शंभर प्रती.

घोलवड-बोर्डीच्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाही. चिकूची कलमं आपण खिरणीच्या खुंटावर बांधतो आणि बहुतेक वाड्यांमध्ये कालीपत्ती हीच जात असते. फळाला एकसारखी गोडी त्यामुळेच येते. २०१६ मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागेही हेच सातत्य आहे. पण बी पोखरणारी अळी आली की ती एका झाडावर थांबत नाही, सगळ्या वाडीत फिरते, हेही बागायतदारांनी पाहिलं आहे. वाडीत निदान मालक असतो. तो रोज फेरी मारतो, फवारणी करतो, फांदी छाटतो. रस्त्यावरच्या झाडाला मालक नसतो.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराजवळ एक हिरवागार, पाचूसारखा चमकणारा भुंगेरा सापडला. लांबी जेमतेम सेंटिमीटरभर. मूळचा पूर्व आशियातला, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखालचा थर खातात. पानांत तयार झालेलं अन्न ज्या थरातून मुळांकडे जातं, तोच नेमका थर. झाड वरून वाळत येतं आणि काही वर्षांत संपतं. आशियातल्या ॲशनी या किड्याबरोबर हजारो वर्षं काढली आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे थोडंफार संरक्षण आहे. अमेरिकेतल्या ॲशनी त्याला कधी पाहिलंच नव्हतं. तिथेही कोट्यवधी झाडं गेली. गंमत बघा, ज्या रस्त्यांवर एल्म मेल्यावर ॲश लावली होती, ते रस्ते दुसऱ्यांदा बोडके झाले. थंडी, मीठ, दुष्काळ सगळं सोसणारं झाड एका सेंटिमीटरच्या किड्यापुढे हरलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात या चुकीला ओळखीचं नाव आहे. सगळी सिस्टीम एकाच गोष्टीवर उभी केली आणि ती गोष्ट पडली की सगळंच पडतं. सर्व्हर कितीही चांगला असो, तो एकच असेल तर प्रश्न फक्त ‘कधी पडणार’ एवढाच उरतो. म्हणून आम्ही दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती ठेवतो. झाडांच्या बाबतीत अमेरिकेतल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातले फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये एक सोपा नियम सुचवला. शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, एका प्रजातीगटाची २० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत आणि एका कुळाची ३० टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. दहा-वीस-तीस. लक्षात ठेवायला सोपं. लक्षात घ्या, हा नियम भुंगेरा सापडायच्या बारा वर्षं आधीचा आहे.

तुम्ही म्हणाल, ॲश आपल्याकडे नाही, मग आपल्याला काय? ॲश हिमालयात आहे, आपल्याकडे त्याचे नातेवाईक आहेत. पारिजातक, मोगरा, जाई-जुई ही सगळी त्याच कुळातली. आपल्या पानगळीच्या जंगलात मोखा नावाचं झाड असतं, लाकडी पेरूसारखी टणक फळं फांदीला लटकतात, तेही त्याच कुळातलं. पण नातेवाईक सोडा. चूक तीच आहे, आणि ती आपणही करून बसलोय.

आपली ‘मरत नाही’वाली यादी आठवून बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकात सुबाभूळ आलं, निलगिरी आली. कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आली. उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प, आलं. शहरात रेन ट्री आला, गुलमोहर आला. रेन ट्री मूळचा अमेरिका खंडातला. सावली झकास. पण मुंबईत गेल्या दशकात पिठ्या ढेकणाने असे कितीतरी रेन ट्री उभ्या उभ्या वाळवले. गुलमोहर मादागास्करचा. मे महिन्यात दिसतो सुरेख, पण फांद्या ठिसूळ. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे गेलं, तेव्हा ठिसूळ फांद्या आणि उथळ मुळं म्हणजे काय ते सगळ्या किनारपट्टीने पाहिलं.

आणि सगळ्यात ताजं उदाहरण तर आपल्या सीमेपलीकडचं आहे. कोनोकार्पस. सोमालियाच्या बाजूचं झाड. कायम हिरवं, गुरं तोंड लावत नाहीत, खारं पाणी चालतं, दुभाजकावर हिरवी भिंत उभी राहते. गुजरातमध्ये रस्तोरस्ती लावलं. मग तक्रारी सुरू झाल्या. परागकणांमुळे सर्दी, खोकला, दमा, ॲलर्जी. मुळं गटारांत आणि जमिनीखालच्या केबलमध्ये. २०२३ मध्ये गुजरातच्या वनखात्याने ते लावायला बंदी घातली. तलासरीहून गुजरातची हद्द किती लांब आहे, ते तुम्हाला माहीत आहे. रोपं घेऊन येणाऱ्या टेम्पोला राज्याची हद्द दिसत नाही. त्यामुळे इथल्या कुठल्याही नव्या रस्त्याच्या यादीत हे नाव आहे का, हे आपणच बघायला हवं.

मग लावायचं काय? माझं मत सांगतो. आपल्या भागासाठी ॲशच्या तोडीचं दणकट झाड मला विचाराल तर करंज.

करंज आपला आहे. खाडीच्या काठावर, नदीच्या काठावर आपसूक वाढतो. खारी हवा चालते, खारी जमीन बऱ्यापैकी चालते. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबलं तरी चालतं आणि नंतरचे आठ महिने कोरडे गेले तरी चालतं. आपल्याकडे ही दोन्ही टोकं दरवर्षी येतात, त्यामुळे हा गुण मोठा. हा शेंगवर्गातला, म्हणजे मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. रस्त्याकडेच्या मुरमाड भरावात खत घालायला कोणी येणार नाही, तिथे याचा उपयोग होतो. बियांचं तेल पूर्वी दिव्याला वापरायचे, कातडीच्या दुखण्यांवर वापरायचे, साबणाला वापरतात. तेल काढून उरलेली पेंड शेतात खत म्हणून जाते.

पण माझ्या दृष्टीने करंजाचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याचं कॅलेंडर. पानं गळतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी, तीही थोडेच दिवस. लगेच कोवळी पोपटी पालवी येते. चैत्र-वैशाखात झाड पूर्ण भरलेलं असतं, फिकट गुलाबी फुलांचा सडा पडतो, मधमाश्या घोंगावतात. आता आपल्याकडचा चैत्र आठवा. चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते. पाड्यापाड्यांतून लोक येतात, कितीतरी जण चालत. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. चारोटी नाक्यापासून पुढे बघा, काँक्रीटच्या रस्त्यावरून येणारी झळ कशी असते. गाडीत एसी लावून जाणाऱ्याला झाड म्हणजे देखावा. चालणाऱ्याला आणि बसथांब्यावर उभं राहणाऱ्याला ते छप्पर आहे. नाक्यावर भाजी घेऊन बसलेल्या बाईला तर ते दुकान आहे. तिच्याकडे भाड्याचा गाळा नाही. झाड तोडलं की तिची बसायची जागा जाते, आणि याची नोंद कुठल्याही पंचनाम्यात होत नाही.

म्हणून झाड निवडताना पहिला प्रश्न हा विचारावा की एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता याच्याखाली सावली असेल का? या प्रश्नाला सरळसोट उंच वाढणारा खोटा अशोक नापास होतो. दुभाजकावरची बोगनवेल नापास होते. करंज पास होतो.

करंजाचे तोटेही सांगतो, नाहीतर जाहिरात होईल. शेंगा आणि फुलं भरपूर पडतात, झाडणाऱ्याची कटकट वाढते. बिया कडू आणि खाण्याजोग्या नाहीत, त्यामुळे शाळेच्या आवारात मुलांना सांगून ठेवावं लागतं. फांद्या खालून फुटतात. सुरुवातीची काही वर्षं खालच्या फांद्या काढून खोड सरळ चढवलं नाही, तर पुढे ट्रकला लागतात आणि मग कोणीतरी कुऱ्हाड घेऊन अर्धं झाडच उतरवतो. पानांवर बारीक गाठी येतात. त्या दिसायला वाईट, पण झाडाला त्याने फारसा त्रास होत नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. करंज इतका चांगला आहे, म्हणून सगळीकडे करंजच लावा, असं मी म्हटलं तर एवढा वेळ जे बोललो ते सगळं वाया गेलं. ॲशबद्दल लोक अगदी असंच म्हणाले होते. दहातलं एक झाड करंज, बाकीची नऊ वेगळी. आणि आपल्याकडे पर्यायांची गरिबी अजिबात नाही.

समुद्राच्या बाजूला, डहाणू-चिंचणी-बोर्डीच्या पट्ट्यात, खारा वारा सोसणारी उंडी आहे. तिच्या लाकडाचं आणि होड्यांचं जुनं नातं आहे. पिवळ्या फुलांची पारोसा भेंडी आहे. बकुळ आहे, हळू वाढते पण बारमाही दाट. बोर्डीच्या किनाऱ्यावरचं सुरूचं बन सगळ्यांच्या आवडीचं, पण सुरूची सावली विरळ, त्यामुळे रस्त्यासाठी त्याचा फार उपयोग नाही. आत, कासा-तलासरी-उधव्याच्या बाजूला, जमीन बदलते. तिथे कुसुम लावा. फाल्गुन-चैत्रात त्याची पालवी अशी लालभडक येते की फुललंय असं वाटावं, आणि सावली गच्च. चिंच आहे, जांभूळ आहे, आंबा आहे. ओढ्याजवळ अर्जुन आणि ताम्हण. ताम्हण तर राज्याचं फूल. मोह लावा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्याची पानं झडतात हे खरं, पण वारली घरात मोहाचं काय स्थान आहे ते मी इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. जिथे रस्ता खरोखर रुंद आहे, बाजूला जागा आहे, तिथे वड आणि पिंपळ. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचं आपल्या लेखात कोरून ठेवलंय. त्याच्याच दुसऱ्या लेखांचे तुकडे आपल्या पालघर जिल्ह्यातल्या सोपाऱ्याला सापडलेत. म्हणजे रस्त्याकडेला सावली देणं हे सरकारचं काम आहे, ही कल्पना या देशात सव्वादोन हजार वर्षं जुनी आहे.

आता जात बरोबर निवडली तरी अर्धंच काम होतं. आमच्या क्षेत्रात एक वाईट सवय असते. सॉफ्टवेअर लाईव्ह केलं, केक कापला, फोटो काढले, संपलं. ते चालतंय का, हे कोणी बघत नाही. वृक्षारोपणाचं अगदी तसंच होतं. २०१६ ते २०१९ या काळात महाराष्ट्रात लागवडीची मोठी मोहीम झाली. २०१६ ला उद्दिष्ट २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी. हे आकडे लावायच्या झाडांचे. रस्त्यावरून चालणाऱ्याला कामाचा आकडा वेगळा असतो, पाच वर्षांनी किती उभी आहेत हा.

रोप जगायला काय लागतं, तेही फार अवघड नाही. रोप किमान पाच-सहा फुटांचं असावं, गुरांच्या तोंडाच्या वर. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. दोन झाडांत आठ-दहा मीटर अंतर. वरून विजेची तार जात असेल तर तिथे मोठं झाड नकोच, नाहीतर दरवर्षी त्याचा शेंडा छाटला जाणार. संरक्षक जाळी हवी. आणि पहिले तीन उन्हाळे पाणी. आपल्याकडे जुलैत लावलेलं रोप चार महिने मजेत वाढतं आणि मार्चमध्ये मरतं. फोटो जुलैतला असतो.

आणि बुंधा मोकळा ठेवा. पेव्हर ब्लॉक अगदी खोडाला चिकटवून बसवतात. मुळांना पाणीही नाही, हवाही नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या नाक्यावरच्या झाडांभोवती टेप लावून बघा.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात नागरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. डहाणूला नगरपरिषद आहे, तलासरीला नगरपंचायत आहे. या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१ च्या दुरुस्तीत पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलंय, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची अशी तरतूद आली. साठ वर्षांचं झाड, साठ रोपं. चांगलं आहे. फक्त ही साठ कुठे लावणार, कोणत्या जातीची आणि त्यांना पाणी कोण घालणार, हे विचारल्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही. जिथे झाड गेलं तो रस्ता तसाच बोडका आणि साठ रोपं दूर कुठल्या तरी टेकडीवर, हे चालणाऱ्या माणसाच्या काय कामाचं?

शिवाय डहाणू तालुक्याचं एक वेगळेपण आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मधल्या निधनापर्यंत त्याचं अध्यक्षपद सांभाळलं. असा तालुका देशात विरळाच. निदान इथे तरी रस्त्याकडेच्या झाडांची यादी विचार करून व्हावी, ही अपेक्षा जास्त नाही.

तर मंडळी, या भागाचा गृहपाठ. तुमच्या घरापासून नाक्यापर्यंतची झाडं मोजा. मोबाईलमध्ये साधी शीट उघडा. तीनच रकाने, झाडाचं नाव, बुंधा मोकळा आहे का आणि दुपारी खाली सावली आहे का. नाव कळलं नाही तर पाड्यावरच्या एखाद्या आजोबांना किंवा आजीला विचारा, ॲपपेक्षा लवकर सांगतील. मग दहा-वीस-तीसचा हिशोब लावा. एकाच जातीची झाडं दहातल्या एकापेक्षा जास्त भरत असतील तर ते कागदावर लिहा आणि नगरपरिषदेत, नगरपंचायतीत किंवा ग्रामसभेत नेऊन द्या. पावसाळ्याच्या आधी द्या, म्हणजे मे महिन्यात. रोपांची यादी साधारण तेव्हाच ठरत असते, आणि जूनमध्ये टेम्पो आल्यावर बोलून काही होत नाही.

तुमच्या शीट आम्हाला पाठवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावरच बोलू. भेटू.